धिंगरीच्या देठांच्या अर्काने डासांच्या अळ्या मारायच्या आहेत. प्रमाण किती धरायचं?

धिंगरी_शेड लिहितात:

भाताच्या पेंढ्यावर धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) घेतो, साजोर काजू आणि फ्लोरिडा या जातींची. प्रत्येक तोडणीला देठ, करपलेल्या कळ्या, पाणी धरलेली अळिंबी असा बाजारात न जाणारा माल उरतो. खाण्याच्या अळिंबीच्या अर्काने डासांच्या अळ्या मरतात असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण प्रमाण कुणी नीट देत नाही. म्हणून इथे विचारतो.

अर्क पाण्यात उकळून काढला तर चालेल, की अल्कोहोलच लागेल? १००० लिटरच्या टाकीला किती घालायचा? टाकीतलं पाणी वापरायचं आहे, प्यायचंही आहे. तोच अर्क शेडच्या भिंतींवर फवारला तर मोठे डास पळतील का? शेडमध्ये कॉइल किंवा स्प्रे वापरायचा नाही, माल खाण्याचा आहे. पेंढा निर्जंतुक करायला कार्बेंडाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात भिजवतो, त्याचा यात काही संबंध येतो का तेही सांगा.

---

डासनोंद लिहितात:

शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे परिणाम उलटाच होण्याची शक्यता आहे.

ताज्या अळिंबीला जो ओळखीचा वास येतो तो मुख्यतः १-ऑक्टेन-३-ऑल या अल्कोहोलचा. जपानी लोकांनी १९३० च्या दशकात ते मात्सुताके अळिंबीतून वेगळं केलं. हेच रसायन गुरांच्या श्वासातही असतं. १९८४ मध्ये आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीला गुरांकडे ओढणारा घटक म्हणून ते ओळखलं गेलं आणि पुढे डासांच्या सापळ्यांतही कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला वापरात आलं. सगळ्या जाती सारख्या ओढल्या जात नाहीत. आपल्या गटारातला क्युलेक्स त्याला फारसा भाव देत नाही, पण एडिस आणि अ‍ॅनॉफिलीसच्या कित्येक जाती येतात. म्हणजे ताज्या अळिंबीचा अर्क भिंतीवर फवारून डास पळवायचे ही कल्पना सोडून द्या.

आता अळ्यांविषयी. अळिंबीत अळ्यांना बाधणारे घटक दोन जातींचे असतात आणि दोन्हींना एकच कृती चालत नाही.

एक गट प्रथिनांचा, विशेषतः लेक्टिनांचा. बुरशी स्वतःला खाणाऱ्या किड्यांपासून आणि सूत्रकृमींपासून वाचवण्यासाठी ही प्रथिनं बनवते. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या बुरशींची लेक्टिनं ज्या जिवांवर तपासली त्यांत एडिस इजिप्तीच्या अळ्याही होत्या आणि काही लेक्टिनं त्यांना मारक ठरली. मात्र ही प्रथिनं पोटात गेली तरच काम करतात आणि उकळली की बहुतेकांचा जोर जातो. कोष काही खातच नाही, त्यामुळे कोषावर त्यांचा परिणाम शून्य. चौथ्या अवस्थेच्या शेवटी अळीही खाणं थांबवते, तिच्यावरही नाही.

दुसरा गट स्निग्ध घटकांचा: एर्गोस्टेरॉल आणि त्याचे भाऊबंद, लिनोलिक आम्लासारखी मेदाम्लं. लिनोलिक आम्ल अळ्यांना मारक आहे हे वनस्पतींच्या अर्कांवरून आधीच माहीत आहे, आणि अळिंबीच्या स्निग्धांशात मुख्य भाग त्याचाच असतो. हे घटक पाण्यात उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल किंवा इथाइल अ‍ॅसिटेट लागतं.

आता तुमचा उकळलेला काढा कुठे बसतो बघा. प्रथिनं उकळून मेली, स्निग्धांश चोथ्यात राहिला. पातेल्यात उरली साखर, अमिनो आम्लं, थोडी खनिजं. अळ्या पाणी गाळून त्यातले कण आणि जिवाणू खातात. प्रयोगशाळेत त्यांना यीस्ट घालून वाढवतात, आणि यीस्टही बुरशीच. टाकीत तो काढा ओतलात तर अळ्यांना बाळंतिणीची पेज दिल्यासारखं होईल. दोन दिवसांत पाण्यावर जिवाणूंची साय धरेल आणि त्या वासाला क्युलेक्सच्या माद्या अंडी घालायला येतील.

अर्क काढलाच तर तपासायचा कसा, ते लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अळीनाशकांच्या चाचणीची पद्धत ठरवून दिली आहे. घरी जमेल असा तिचा सांगाडा असा.

नळाचं पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवा, क्लोरीन जाऊ द्या. प्रत्येक भांड्यात १०० मिलि पाणी आणि २५ अळ्या, तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथीच्या सुरुवातीच्या, म्हणजे मोठ्या पण अजून खाणाऱ्या. ड्रॉपरने सोडा, गाळणीने ओतू नका, जखमी अळ्या उगीच मृतांत धरल्या जातात. प्रत्येक प्रमाणाची चार भांडी. शिवाय चार भांडी अर्काशिवाय फक्त विद्रावकाची (अर्क ज्यात विरघळवला ते अल्कोहोल) आणि चार नुसत्या पाण्याची, ही तुलनेसाठी, म्हणजे नियंत्रण. विद्रावक १०० मिलिला १ मिलिपेक्षा जास्त नको. तापमान २५ ते २८ अंश. मोजणी २४ तासांनी. प्रथिनांचा अर्क असेल तर ४८ आणि ७२ तासांनीही.

सुईने श्वासनळीला किंवा मानेला टोचल्यावर न हलणारी अळी मेलेली. हलते पण वर येता येत नाही, किंवा भांडं हलवल्यावर बुडी मारत नाही, ती मरणासन्न. तिलाही मृतांत मोजा. कोषात गेलेल्या मोजणीतून वगळा, आणि नियंत्रणात १० टक्क्यांहून जास्त कोषात गेल्या असतील तर सगळी चाचणी रद्द. नियंत्रणात ५ ते २० टक्के मेल्या तर अ‍ॅबटची दुरुस्ती करायची: अर्कातले मृत टक्के वजा नियंत्रणातले मृत टक्के, भागिले (१०० वजा नियंत्रणातले टक्के), गुणिले १००. अर्कात ८० आणि नियंत्रणात १० असतील तर ७० भागिले ९०, म्हणजे सुमारे ७८ टक्के. नियंत्रणात २० च्या वर गेलं तर आकडा फेकून द्या.

भांड्यांवर जाळी बांधा आणि काम झाल्यावर उकळतं पाणी ओता. चाचणीच्या निमित्ताने घरात डास पैदा करायचे नाहीत.

---

काड_आणि_बुरशी लिहितात:

वरच्या उत्तराला जोडून अर्क काढायची कृती आणि त्यातले घोटाळे.

आधी फॉर्मेलिनचं, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. नेहमीचं प्रमाण १०० लिटर पाण्याला ७.५ ग्रॅम कार्बेंडाझिम आणि १२५ मिलि फॉर्मेलिन, १८ तास भिजवणं. अशा पेंढ्यावरच्या देठांना बुडाशी काड चिकटलेलंच असतं. त्या मालाच्या अर्कात अळ्या मेल्या तर त्या अळिंबीने मेल्या की रसायनाच्या अंशाने, हे कुणालाच सांगता येणार नाही. अर्कासाठी काही बेड वेगळे काढा आणि त्यांचा पेंढा ८० अंशांच्या पाण्यात तास ते दोन तास बुडवून निर्जंतुक करा. देठाचं बूड कापूनच घ्या. वापरून झालेल्या बेडांचा अर्क तर रासायनिक पद्धतीत मुळीच नको.

अल्कोहोलचा अर्क असा काढायचा. देठ उभे चिरून ४५ ते ५० अंशांवर वाळवा. उन्हात वाळवायचे तर वर जाळी घाला. ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असतं, म्हणजे १ किलोचे १०० ग्रॅम होतात. मोडल्यावर कडकन आवाज यायला हवा. वाकले तर ओल आहे आणि ती ओल अल्कोहोल पातळ करते. मिक्सरमध्ये दळून चाळा. १०० ग्रॅम भुकटीला १ लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, ४८ ते ७२ तास, अधूनमधून हलवत. शुद्ध इथेनॉल अबकारीच्या परवान्याशिवाय मिळत नाही, आणि रंगाच्या दुकानातलं स्पिरिट घेऊ नका. त्यात मिथेनॉल आणि इतर भेसळद्रव्यं असतात, चाचणीचा बोजवारा उडतो.

मलमलीतून पिळून घ्या, मग फिल्टर पेपरमधून. पसरट काचेच्या भांड्यात ओतून ते भांडं ४५ ते ५० अंशांच्या गरम पाण्यावर ठेवा आणि अल्कोहोल उडू द्या. मोकळ्या हवेत, आणि आसपास गॅसची शेगडी, विडी, स्विच काहीही नको. आयसोप्रोपिलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. वजन स्थिर झालं की जे तपकिरी चिकट उरतं तो अर्क. त्याचं वजन करा, तुमचा उतारा तोच. कुणाच्या लेखातला उतारा आपल्या मालाला लावू नका. जात, तोडणीचं वय आणि अल्कोहोलातलं पाणी यावर तो फार बदलतो.

१ ग्रॅम अर्क १० मिलि अल्कोहोलात विरघळवला की मिलिला १०० मिग्रॅचा मूळ द्राव होतो. तो पातळ करत ५०, २५, १० आणि ५ मिग्रॅचे करा. प्रत्येक वेळी १०० मिलि पाण्यात १ मिलिच घाला, म्हणजे विद्रावक सगळीकडे सारखं राहील आणि प्रमाणं होतील १०००, ५००, २५०, १०० आणि ५० पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम). एक थेंब ट्वीन-८० (तेलकट द्रव्य पाण्यात मिसळवणारं द्रव) घालावा लागेल, नाहीतर अर्क तवंग होऊन वर तरंगतो. तवंगाने श्वासनळी बुजून अळ्या दोन-तीन तासांत मरतात. तेलानेही त्या तशाच मरतात, त्यात अळिंबीचा काही गुण नाही. ट्वीनचा थेंब नियंत्रणातही घाला.

प्रथिनांचा अर्क बघायचा असेल तर ताजी अळिंबी १०० ग्रॅम, बर्फाचं पाणी २०० मिलि, मिक्सर थांबत-थांबत चालवा, गाळा, फ्रिजमध्ये ठेवा, त्याच दिवशी वापरा. त्यातला अर्धा भाग १० मिनिटं उकळून गार करा. कच्च्याने मेल्या आणि उकळलेल्याने नाही, तर मारक घटक प्रथिन असण्याची दाट शक्यता. दोन्हींत सारख्याच मेल्या तर बहुधा पाणी नासल्यामुळे. ती शंका फेडायला आणखी एक नियंत्रण ठेवा: तेवढ्याच कोरड्या वजनाचा गव्हाचा कोंडा, त्याच कृतीने. एडिसच्या अळ्या नासलेल्या पाण्यात तशाही कमजोर पडतात, क्युलेक्सच्या मजेत राहतात. म्हणून कोणत्या डासावर चाचणी केली ते लिहून ठेवाच.

आता टाकीचा हिशेब. उदारपणे धरू की १०० पीपीएमला काम झालं. १००० लिटरला १०० ग्रॅम अर्क. उतारा ५ टक्के धरला तर २ किलो भुकटी, म्हणजे २० किलो ताजी अळिंबी आणि २० लिटर अल्कोहोल, एका टाकीला. तेवढ्याच पाण्याला टेमेफॉस हे नेहमीचं अळीनाशक पुरतं १ ग्रॅम सक्रिय घटक. देठ फुकट असले तरी अल्कोहोल फुकट नाही.

चांदीच्या नॅनोकणांचे लेख वाचले असतील तर ते वेगळं प्रकरण. अळिंबीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घालून केलेले कण फार कमी पीपीएमला अळ्या मारतात, पण ती करामत मुख्यतः चांदीची. ती माशांनाही बाधते. शीर्षकात अळिंबीचं नाव असतं म्हणून फसायला होतं.

---

धिंगरी_शेड लिहितात:

हिशेब कळला, टाकीचा विचार सोडला. पण मग हा माल डासांसाठी काहीच कामाचा नाही का? आणि शेडमधल्या डासांचं काय करायचं? पेंढा भिजवायचे ड्रम, गोणपाटं, फवारणीचं साचलेलं पाणी, सगळंच आहे इथे.

---

सापळा_आणि_बादली लिहितात:

कामाचा आहे, फक्त तुम्ही तो मारायला वापरत होता, तो बोलवायला वापरायचा. देठ नकोत, वापरून झालेला पेंढा घ्या (गरम पाण्यात निर्जंतुक केलेला, फॉर्मेलिनचा नको).

गवत किंवा पेंढा कुजवलेलं पाणी अंडी घालायला निघालेल्या मादीला ओढतं, हे डास मोजणारे लोक फार पूर्वीपासून वापरतात. पुएर्तो रिकोमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एडिससाठी जे चिकट सापळे लावले त्यांत काळी बादली, १० लिटर पाणी आणि ३० ग्रॅम वाळलं गवत असतं, दर घरी तीन सापळे. मादी आत शिरते, चिकट पट्टीला अडकते, आणि पाण्यावर जाळी असल्याने अंडी पाण्यात पोचत नाहीत.

तुमच्यासाठी सोपी आवृत्ती अशी. वाळवलेला वापरलेला पेंढा ३० ग्रॅम, पाणी १० लिटर, झाकण लावून ५ ते ७ दिवस. क्युलेक्ससाठी हे पाणी तसंच, एडिससाठी नऊ भाग साध्या पाण्यात एक भाग. दाट पाण्याला एडिस बिचकतो. अर्धा लिटरचा काळा डबा, त्यात ३०० मिलि पाणी, आतल्या कडेला खरबरीत सुती कापडाची पट्टी, अर्धी पाण्यात अर्धी बाहेर. पाण्याच्या पातळीच्या थोडं वर एक भोक पाडा, नाहीतर पहिल्या सरीत डबा भरून अंडी बाहेर वाहतील. जागा सावलीची, जमिनीलगत, शेडच्या बाहेर. आत ठेवलात तर डासांना आमंत्रण.

डब्यात बीटीआय लेबलवरच्या मात्रेने घाला. बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस प्रकार, १९७६ मध्ये नेगेव्ह वाळवंटात सापडलेला. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरचा बी-१७ हा आपल्याकडचा वाण. त्याचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतडं फोडतात. मासे, गुरं, माणसं यांना त्या मात्रेत काही होत नाही. सेंद्रिय पाण्यात त्याची मात्रा लेबलवरच्या मर्यादेतली वरची धरा, कारण खाण्याजोगे इतर कण जास्त असले की अळीच्या पोटात विष कमी जातं. उन्हात ते लवकर निकामी होतं. कोषाला काहीच करत नाही.

बीटीआय नसेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी कोरड्या जमिनीवर ओता आणि पट्टीवर उकळतं पाणी घाला. आठवडा उलटला तर सापळ्यातूनच डास उडतील. पट्टी नुसती वाळवून चालणार नाही, एडिसची अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने जगतात.

तुमच्या पेंढ्याचं पाणी साध्या पेंढ्यापेक्षा चांगलं ओढतं का, हे कळायचं तर दोन्हींचे डबे जोडीने ठेवा, दर आठवड्याला जागा अदलाबदल करा आणि पट्टीवरची अंडी भिंगातून मोजा. क्युलेक्सची अंडी पट्टीवर नसतात, पाण्यावर काळपट तराफ्यासारखी तरंगतात, तीही बघा.

शेडमध्ये मात्र आधी खात्री करा की ते डासच आहेत. बेडवर धावणाऱ्या, दिव्याभोवती जमणाऱ्या बारीक काळ्या माश्या बऱ्याचदा स्कियारिड किंवा फोरिड असतात. त्या चावत नाहीत, त्यांना लांब सोंड नसते, आणि देठ चिरला तर आत पांढरट अळ्या सापडतात. स्कियारिडच्या अळीचं डोकं काळं चमकतं. त्यांच्यावर उपाय म्हणजे दारं-खिडक्यांना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी, दिव्याखाली पिवळ्या चिकट पट्ट्या आणि संपलेले बेड त्याच दिवशी शेडपासून लांब.

डास असतील तर ड्रम काम झालं की उपडे, जमिनीला नाल्याकडे उतार, गोणपाट भिंतीवर टांगलेलं असू द्या, पण त्याखाली पाणी साचू देऊ नका. आर्द्रता ८० ते ८५ टक्के ठेवायला बारीक फवारा पुरतो, जमिनीवर तळं लागत नाही.

---

पाणीखातं_निवृत्त लिहितात:

टाकीचं पाणी पिण्यात येतं हे मूळ प्रश्नात आहे, म्हणून एवढंच. अळिंबी खाण्याची आहे म्हणून तिचा अल्कोहोलातला अर्क पिण्याच्या पाण्यात चालतो असं नाही. अर्क हा शेकडो पटींनी दाट केलेला माल, त्यात विद्रावकाचा अंश, आणि सेंद्रिय भार पडला की टाकीतलं क्लोरीन संपतं. मग डासांआधी जुलाब.

टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी, आठवड्यातून एकदा रिकामी करून आतली बाजू घासणं. घासणं महत्त्वाचं, एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडा, पण ओढ्यात किंवा तळ्यात नको, तिथले स्थानिक मासे मागे पडतात.

आणि शेजाऱ्यांना बाटल्या भरून विकायचा विचार असेल तर थांबा. डास मारायचं द्रव्य म्हणून काहीही विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय नोंदणी लागते, नैसर्गिक असलं तरी.

---

धिंगरी_शेड लिहितात:

झाकण, जाळी आणि ड्रमचं आजच करतो. देठ चिरून बघितला, काळ्या डोक्याच्या अळ्या आहेत, म्हणजे निम्मी तक्रार स्कियारिडची. बीटीआय डब्यात घालणारच आहे, तेच बेडवर फवारलं तर स्कियारिडच्या अळ्यांवर चालेल का?

---

काड_आणि_बुरशी लिहितात:

स्कियारिडच्या अळ्यांवर बीटीआय चालतं, परदेशात बटण अळिंबीच्या केसिंग मातीत (बेडवर पसरतात त्या थरात) त्यासाठीच वापरतात. पण त्यासाठी लेबलवर तसा वापर दिलेलं उत्पादन हवं. डासांसाठीच्या भुकटीची मात्रा आणि भरणद्रव्य वेगळं असतं. तुमच्या धिंगरीच्या बेडना केसिंग नाही, अळ्या पेंढ्याच्या आत खोल असतात, वरून फवारलेलं तिथवर पोचत नाही. जाळी आणि चिकट पट्ट्या आधी लावा. स्पॉन (अळिंबीचं बियाणं) भरल्यापासून बुरशीचं जाळं पूर्ण पसरेपर्यंतचे दिवस सर्वांत धोक्याचे, तेव्हा त्या खोलीचं दार उघडं राहू देऊ नका.